फिरायला जा म्हणतात, पण कधी जायचं?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर अशोक चौकाच्या बाजूला. आई पंचवीस वर्षं झाली विड्या वळते. मागच्या महिन्यात दवाखान्यात तिचं बीपी १६०-१०० निघालं, गोळी सुरू झाली आणि तिथं सांगितलं की रोज अर्धा तास फिरा, मीठ कमी करा, फळं खा, टेन्शन घेऊ नका. आई घरी येऊन रडली, म्हणाली सगळी माझीच चूक असल्यागत बोलले. इकडं कॉलेजात 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक' हा धडा झालाय, पाठ पण आहे मला, पण त्याचा आईशी काय संबंध ते कळत नाहीये.
(एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर: बाळ, आधी एक सांगतो, गोळी बंद करू देऊ नको. बरं वाटायला लागलं की आपल्याकडं गोळ्या डब्यात जातात आणि मग बीपी गुपचूप वाढत राहतं. मीठ कमी करा हे पण बरोबरच आहे, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत म्हणजे साधारण एक चमचाभर, त्यात लोणचं, पापड आणि आपली शेंगा चटणी पण धरायची. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. आणि अर्धाच राहिला की ऐकणाऱ्याला तो दोष दिल्यासारखा वाटतो, तुझ्या आईला वाटला तसा.

आता तिचा दिवस बघ. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, ते कधी पहाटे तर कधी रात्री, त्या दिवशी झोप नाही. मग स्वयंपाक, कारखान्यात जाऊन पान-तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन मान खाली घालून बसायचं ते संध्याकाळपर्यंत. मजुरी हजार विड्यांमागे, त्यातल्या काही नापास करून बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. म्हणजे अर्धा तास फिरायला गेली की तेवढ्या विड्या कमी आणि तेवढे पैसे कमी. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, हाताच्या कातडीतूनही निकोटीन अंगात शिरतं, तिनं आयुष्यात एक विडी ओढलेली नसली तरी. यातलं काय तिनं निवडलं सांग?

हाच तुझा धडा आहे. माणूस जिथं जन्मतो, वाढतो, राहतो, कामाला जातो, म्हातारा होतो, ती परिस्थिती म्हणजे सामाजिक निर्धारक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २००८ साली हे असंच मांडलं, आणि पुढं सांगितलं की पैसा, सत्ता, साधनं यांची वाटणी जशी असते तशी ही परिस्थिती घडते. १९९१ मध्ये डालग्रेन आणि व्हाइटहेड या दोघा संशोधकांनी याचं एक चित्र काढलं, तुमच्या पुस्तकात इंद्रधनुष्यासारखं दिलेलं असेल, मी पोरांना शिकवताना कांदा म्हणतो. आत गाभ्याला वय, लिंग, आईबापाकडून आलेलं. त्यावरचा पापुद्रा सवयींचा, त्यावर शेजारपाजार नि नातीगोती, त्याच्यावर घर, पाणी, काम, शिक्षण, दवाखाना आणि सगळ्यात वर देशाचा कारभार, महागाई, समाजाच्या रीतीभाती. आपण पेशंटशी बोलतो ते फक्त सवयींच्या पापुद्र्याविषयी, कारण दहा मिनिटांच्या ओपीडीत तेवढंच हाताला लागतं.

तुला वाटेल हे सगळं गरिबीचं आहे, पैसे आले की मिटलं. तसंही नाही गं. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल म्हणतात त्याला. सगळे कायम नोकरीतले पुरुष, पगार चालू, दवाखाना सगळ्यांना फुकट. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिपाई-द्वारपालांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाले. आणि मधल्या पायऱ्यांवर मधलेच आकडे, पायरीगणिक फरक. सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरून बघितलं तर निम्म्यापेक्षा कमीच फरकाचा उलगडा झाला. नंतरच्या अभ्यासांतून पुढं आलं की कामावर आपला ताबा किती, हे पण हृदयाला लागतं. तुझ्या आईचं 'टेन्शन' हे असं आहे, घेऊ नका म्हटल्यानं जाणारं नाही.

आणि आपल्याच गावचं उदाहरण आहे की. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, २००६ साली ताब्यात मिळाली. २०२४ च्या जानेवारीत तिथल्याच रे नगर वसाहतीतली पंधरा हजार घरं कामगारांना मिळाली. कोणी याला आरोग्याची योजना म्हणत नाही, पण पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात विड्या वळणं आणि स्वतःच्या नावाच्या घरात राहणं यात बीपीला किती फरक पडत असेल, तू नर्स होणार आहेस, तूच विचार कर. माझ्या मते कामगारांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेलं ते घर औषधाइतकंच मोलाचं आहे.

आता घरी काय करता येईल ते. पाणी भरायचं काम बाबा-भाऊ वाटून घेऊ देत, दर वेळी एकट्या आईचीच झोप मोडायला नको. वळताना नाकातोंडाला फडकं, जेवायच्या आधी साबणानं हात, आणि लहान पोरं झोपतात त्या खोलीत तंबाखू नको. तासातासाला उठून दोन मिनिटं चालायचं, कारखान्यापर्यंत रोज चालत जाणं-येणं होत असेल तर ते पण चालण्यातच धर, तिला सांग की तू आधीच चालतेस, तिला बरं वाटेल. फळं महाग वाटली तर हंगामातला पेरू, बोरं, भाजीत मेथी-शेपू चालतंय की. तिचं विडी कामगार ओळखपत्र आणि पीएफ व्यवस्थित आहे का बघ. विडी कामगारांच्या कामाच्या अटींसाठी १९६६ चा वेगळा कायदा होता, घरी बसून वळणाऱ्या बायकाही त्यात यायच्या, हे कित्येकींना माहीतच नव्हतं; २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या श्रम संहितेनं घेतली.

प्रश्न: आमचं मंडळ दरवर्षी गणपतीत आरोग्य शिबिर घेतं. गेल्या वर्षी तीनशे लोकांची शुगर-बीपी तपासली. पण खरं सांगतो साहेब, दरवर्षी तीच माणसं, तीच शुगर. याला आरोग्य संवर्धन म्हणायचं का?
(मंडळाचा कार्यकर्ता, पूर्व भाग)

उत्तर: दादा, तुम्ही हे स्वतः लक्षात घेतलं यातच अर्धं काम आहे. शिबिर वाईट नाही, पण ती तपासणी झाली, म्हणजे आजार लवकर पकडणं. तो पकडल्यावर पुढं पाठपुरावा नसेल तर चिठ्ठी खिशात राहते आणि माणूस तसाच. एवढं तरी करा, ज्यांची शुगर जास्त निघाली त्यांची वही ठेवा आणि दर महिन्याला कोणीतरी त्यांच्या घरी जा.

संवर्धन वेगळं. १९८६ च्या नोव्हेंबरात कॅनडातल्या ओटावा शहरात आरोग्य संवर्धनाची जी आंतरराष्ट्रीय सनद झाली तिच्यात म्हटलंय की लोकांचा आपल्या आरोग्यावर ताबा वाढावा आणि ते सुधारता यावं यासाठी त्यांना सक्षम करणं म्हणजे आरोग्य संवर्धन. ताबा हा शब्द धरून ठेवा. डेंग्यूचं घ्या. दरवर्षी आपल्याला सांगतात आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा. पाणीच चार-पाच दिवसांनी येत असेल तर बाई बॅरल ओतून देणार कशी? देणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मग मंडळानं काय करावं, तर पाणी यायच्या दिवशी सकाळी, बॅरल तळाला गेलेलं असताना, गल्लीत सगळ्यांनी एकदम घासून घ्यायचं. नुसतं ओतून उपयोग नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. मग पाणी भरून झालं की बॅरलला जाड कापड बांधायचं. आणि नगरसेवकाकडं, महापालिकेकडं एकत्र सह्यांचं निवेदन द्यायचं की पाण्याची वेळ ठरलेली असू दे आणि ती आधी कळू दे. बघा, सनदेत सांगितलेल्या पाच कामांपैकी यात कौशल्य शिकवणं आलं, लोकांनी मिळून काम करणं आलं, परिसर आला, धोरण पण आलं. सनदेतलं पाचवं काम म्हणजे दवाखान्यांनी फक्त इलाज करत न बसता इकडं वळणं, ते आमच्यासारख्यांवर सोडा.

करमाळ्याच्या पुढं जामखेडला जाऊन बघाच एकदा. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली तिथं गेले, लोकांना विचारलं काय पाहिजे, लोक म्हणाले पाणी आणि खायला. त्यांनी तिथूनच सुरुवात केली, आणि गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून उभं केलं. आपण शिबिराआधी गल्लीतल्या बायकांना विचारतो का कधी?

प्रश्न: माझे आजोबा तंबाखू खाऊन ८८ वर्षं जगले. मग उगाच भीती का घालता?
(एक वाचक, बार्शी रोड)

उत्तर: आजोबांना नशिबानं साथ दिली, आनंद आहे. पण तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक तंबाखूमुळेच जातात, आणि गेलेल्यांची गोष्ट सांगायला ते नसतात, म्हणून आपल्याला आजोबाच दिसतात. मला काळजी तुमच्या पोरांची आहे. २००३ च्या कायद्यानुसार शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि १८ वर्षांखालच्याला तर कुठंच नाही, तुमच्या पोराच्या शाळेसमोर टपरीवर माव्याच्या पुड्या लटकत असतील तर मुख्याध्यापकांना आधी भेटा. आणि तुम्ही स्वतः खात असाल नि सोडायचं मनात आलं असेल तर १८००-११-२३५६ ला फोन लावा, फुकट आहे.