महाराष्ट्रात सामान्य माणसाला परवडणाऱ्या घरांची टंचाई कशी दूर होईल?

नुसत्या सोडतींनी होणार नाही. २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबईतल्या २,०३० घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले होते.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. १९९१ च्या नियमांप्रमाणे मुंबईत गिरण्यांच्या जागेचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश भाग म्हाडाला मिळायला हवा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि हा वाटा फक्त मोकळ्या जागेवर मोजला जाऊ लागला. गिरण्यांच्या बहुतेक जागेवर जुन्या इमारती उभ्या होत्या, त्यामुळे म्हाडाच्या हाती फार थोडं लागलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: शहरातली सरकारी जमीन विकायचीच नाही, भाडेपट्ट्याने द्यायची आणि त्यावर छोटी घरं बांधायची.

मोठ्या खासगी प्रकल्पांत २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा नियम आहेच, त्याची काटेकोर अंमलबजावणी हवी.

आणि भाड्याच्या घरांकडे तर कुणी बघतच नाही! अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा दलाली, नवं डिपॉझिट, टेम्पोत भरलेलं सामान, मुलांची शाळा लांब. सरकारने स्वतः बांधून दीर्घ मुदतीने भाड्याने दिलेली घरं अशा भाडेकरूंना लगेच उपयोगी पडतील. प्रत्येकाला कर्ज काढून घर घेणं झेपत नाही.