वडील माळकरी, घरात कोणी पीत नाही. तरी फ्रान्समधली शॅम्पेनची जुनी तळघरं बघायला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात आई-वडिलांना घेऊन पॅरिसला जाताय, एक दिवस मोकळा आहे, आणि शॅम्पेनच्या तळघरांचं नाव काढताच वडील म्हणाले, "आपण पीत नाही, मग दारूच्या कोठारात कशाला जायचं?" माझं उत्तर एका शब्दाचं आहे: जा. माझ्या वडिलांच्या गळ्यात चाळीस वर्षं तुळशीची माळ आहे आणि मी त्यांना घेऊनच गेले होते.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. नोकरीमुळे मी तीन वर्षं पॅरिसजवळ राहत होते, तेव्हा सप्टेंबरात अण्णा आणि आई आले होते. शहरात अण्णांचं मन लागत नव्हतं. "इथं शेत कुठं आहे?" असं त्यांनी दोनदा विचारलं, म्हणून मी शॅम्पेन प्रांतातल्या रँस गावाचं तिकीट काढलं. (गावाचं नाव नकाशावर वाचून आपण 'रीम्स' म्हणतो; तिथे 'रँस' म्हणतात. स्टेशनवर हे लक्षात ठेवा.) पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकातून वेगवान गाडीने पाऊण तास लागतो. तिकिटावर 'रँस सेंटर' लिहिलंय ना ते बघा, कारण 'शॅम्पेन-आर्देन' नावाचं दुसरं स्टेशन गावाबाहेर आहे.

आम्ही पोमरी या शॅम्पेन बनवणाऱ्या घराण्याचं तळघर बघितलं. रुइनार हे घराणं सगळ्यात जुनं, १७२९ चं. व्हव क्लिको, तेतँजे हीही त्याच सँ-निकेझ टेकडीवर आहेत. या टेकडीखाली 'क्रेयेर' म्हणतात ते खड्डे आहेत, रोमन काळापासून मध्ययुगापर्यंत चुनखडी काढण्यासाठी खोदलेले. त्यातून निघालेल्या दगडावर शहर उभं राहिलं आणि खड्डे तसेच राहून गेले. शॅम्पेनवाल्यांनी ते पुढे विकत घेतले, एकमेकांना बोगद्यांनी जोडले. २०१५ साली ही तळघरं, वरच्या टेकड्या आणि शॅम्पेनची घराणी मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

पोमरीत खाली जायला ११६ पायऱ्यांचा एकच सरळ जिना आहे. तीस मीटर खाली गेलो की अठरा किलोमीटरचे बोगदे सुरू होतात. बाहेर ऊन होतं, खाली दहा अंश. उन्हाळा असो की हिवाळा, तिथे तेवढेच राहतात. मी आईला स्वेटर घ्यायला सांगितलं आणि स्वतः विसरले, त्यामुळे तासभर कुडकुडत होते. तुम्ही विसरू नका.

जिना संपला तिथे पहिला खड्डा आला. अण्णा थांबले आणि मान वर करून बघत राहिले. वर लांब एक लहानसा उजेडाचा चौकोन, आणि तिथून भिंती चारी बाजूंनी खाली रुंद होत आलेल्या. तोंड अरुंद, पोट मोठं. गाइड बोलायला लागायच्या आधीच अण्णा म्हणाले, "अगं, हे तर पेव आहे."

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोदलेला खड्डा; आपल्याकडच्या नव्या पिढीला 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार तेवढा माहीत असतो. अण्णांच्या आजोबांच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, ती तर नावाजलेली. मी गाइडला जमेल तसं इंग्रजीत समजावलं. तिने सांगितलं की खड्ड्याचं तोंड लहान ठेवलं म्हणजे वरची जमीन अडत नाही आणि पाऊस-हिव खालच्या नरम दगडाला लागत नाही. अण्णांनी लगेच विचारलं, "मग आत वायू साठत नाही का?" पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरवायचा नाही, आधी दिवा सोडून बघायचा, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. द्राक्षाचा रस आंबतो तेव्हाही तोच वायू सुटतो, कार्बन डायऑक्साइड. शॅम्पेनचा सगळा खेळ तो वायू बाटलीत कोंडण्याचाच आहे. पॅरिसमध्ये मन न लागणारा माणूस त्यानंतर गाइडच्या खांद्याला खांदा लावून चालत होता.

आता तो खेळ सांगते, कारण हे माहीत असेल तर न पिणाऱ्यालाही टूर कंटाळवाणी होत नाही. आधी साधी, बुडबुडे नसलेली वाइन करतात. वेगवेगळ्या गावांच्या आणि वेगवेगळ्या सालांच्या वाइन एकत्र करून मिश्रण जमवतात. ते बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून तोंड बंद करतात. बाटलीतच पुन्हा आंबवण होते, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्ये विरघळतो. आत सहा बारच्या आसपास दाब येतो, मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. एकोणिसाव्या शतकात काच एवढी भरवशाची नव्हती, बाटल्या फुटायच्या, एक फुटली की शेजारच्याही फुटायच्या. तळघरात काम करणारी माणसं तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा घालून फिरत.

काम संपलेलं यीस्ट गाळ होऊन बाटलीतच राहतं. त्या गाळावर वाइन जितकी मुरेल तितकी तिची चव भरते. साधी शॅम्पेनसुद्धा पंधरा महिन्यांच्या आत बाहेर काढता येत नाही, आणि एकाच सालाच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं थांबावं लागतं. पण बुडबुडे न घालवता गाळ काढायचा कसा? याचं उत्तर रँसच्या एका विधवेच्या तळघरात निघालं. बार्ब-निकोल क्लिकोचा नवरा १८०५ साली गेला, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. त्या काळच्या फ्रान्समध्ये विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नसे, विधवेला मात्र येत असे. तिने धंदा स्वतःच्या हातात घेतला. १८१६ च्या सुमारास तिच्याकडे भोकं पाडलेल्या फळीत बाटल्या उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवायची रीत बसली. गाळ हळूहळू मानेशी उतरतो. मग मान गोठवायची आणि बूच उघडलं की गाळाचा बर्फ दाबाने बाहेर उडतो. आज बहुतेक ठिकाणी बाटल्या मशीन फिरवतं, पण त्या तिरक्या फळ्या टूरमध्ये दिसतात. गाइडने अण्णांना एक रिकामी बाटली फिरवायला दिली. अर्ध्याहून कमी वळवायची, हलकासा झटका द्यायचा. कलमाची काडी धरावी तशी त्यांनी ती धरली होती.

पोमरीचं नावही एका विधवेचंच. लुईझ पोमरी १८५८ साली विधवा झाली, तेव्हा तिने चाळिशीही गाठली नव्हती. खाणी विकत घेऊन त्यांचं तळघर करण्याचं धाडस तिचं. तोवर शॅम्पेन भलती गोड असायची, रशियाला जाणाऱ्या बाटलीत लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर साखर. तिने १८७४ च्या पिकाची, इंग्रजांच्या जिभेला रुचेल अशी कोरडी शॅम्पेन काढली. आज दुकानात 'ब्रुट' लिहिलेली बाटली दिसते तिच्यात लिटरला बारा ग्रॅमहून कमी साखर असते. खालच्या चुनखडीच्या भिंतींवर तिने मोठमोठी शिल्पं कोरून घेतली. ती कमी उजेडात, नुसत्या दिव्यांवर कोरलेली आहेत. त्यांच्यासमोर जरा थांबा.

आई तोवर गप्प होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. भिंतीला हात लावला तर बोटं पांढरी झाली, आणि ती म्हणाली, "हा तर खडू!" खरंच खडू आहे. नंतर गाइडने सांगितलं की पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, रँसवर जर्मन तोफा चालू असताना लोक याच तळघरांत राहायला आले आणि इथे शाळा भरल्या. वर तोफा धडधडत होत्या, आणि खाली पोरं बाकांवर बसून धडे गिरवत होती. आईने विचारलं, "वर्ग कुठे भरायचा?" पुढचा अर्धा तास तिचं लक्ष दुसऱ्या कशात नव्हतं. मी वाइनबद्दल बरंच वाचून गेले होते, पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते आईचं त्या भिंतीला पुन्हा एकदा हात लावणं.

चाखण्याचं सांगते, तुमची खरी काळजी तीच असणार. टूर संपली की वर आणून टेबलापाशी उभं करतात आणि तिकिटाप्रमाणे एक-दोन ग्लास देतात. मी अण्णांबद्दल मेलमध्ये आधीच कळवलं होतं, त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला गेला. कोणी आग्रह केला नाही, कोणी "थोडं तरी" म्हटलं नाही. आईनेही घेतली नाही. मी घेतली. पहिला घोट नुसता आंबट लागतो. लगेच मत बनवू नका. ग्लास दांडीला धरून पाच मिनिटं जाऊ दिली की भाजलेल्या पावाचा, हिरव्या सफरचंदाचा वास येतो. पावाचा वास त्या यीस्टच्या गाळाचा. तुम्ही स्वतः घेणार असाल तर ब्रुट आणि जास्त वर्षं मुरलेली अशा दोन शेजारी ठेवून चाखा; एकट्या ग्लासातून फारसं कळत नाही.

तळघर बघून झालं की तिथेच थांबू नका. दुपारी आम्ही टॅक्सीने ओव्हिलेर गावाकडे गेलो. दों पेरिन्यों हा साधू इथल्या मठात होता, १७१५ मध्ये वारला. बुडबुड्यांचा शोध त्याचा नव्हे, द्राक्षांचं मिश्रण जमवण्यात तो कसबी होता. पण अण्णांना साधूपेक्षा बाग हवी होती. वेली कमरेएवढ्या, मंडप नाही, आपल्यासारखी वर्षाला दोनदा छाटणी नाही. तोडणी चालू होती आणि ती हातानेच, कारण शॅम्पेनसाठी यंत्राने तोडायला परवानगीच नाही. एका मजुराने अण्णांना घड दिला. मणी बारीक, बिया भरपूर, आणि आंबट. "एवढ्यात कशाला तोडताहेत?" आपल्याकडे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, अठराच्या खाली असेल तर व्यापारी बागेत पाऊल टाकत नाही. मुद्दाम आंबट तोडतात, दुसऱ्या आंबवणीत साखर घालायचीच असते, हे त्यांना पटायला वेळ लागला. चार हजार किलोंतून फक्त २५५० लिटर रस घ्यायचा, त्यापुढे पिळायचं नाही, हा नियम मात्र लगेच आवडला.

आणि एक गोष्ट तुमचे वडील शेतकरी असतील तर नक्की सांगा. या भागातल्या सुमारे ३४ हजार हेक्टर बागांपैकी बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. मोठी घराणी त्यांच्याकडून द्राक्षं विकत घेतात. १९११ साली भाव आणि बाहेरून आणलेल्या द्राक्षांवरून इथल्या शेतकऱ्यांनी बंड केलं होतं, आय गावात व्यापाऱ्यांची घरं जाळली. फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ल्यावर जवळजवळ साऱ्या बागा अमेरिकन खुंटावर कलम करून नव्याने उभ्या राहिल्या. अण्णा म्हणाले, "आपलं डॉगरिज." हो, आपण द्राक्ष कलम करतो तो डॉगरिज खुंटही अमेरिकेचाच. परत आल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना हेच सांगितलं. आणि दिंडोरीला शाँदोंवाले जी बुडबुड्यांची वाइन करतात तिला शॅम्पेन का म्हणत नाहीत, तेही आता ते समजावतात: पद्धत तीच असली तरी ते नाव त्या मातीचं आहे.

बाकी किरकोळ. आरक्षण आधी करा, इंग्रजी टूरच्या वेळा ठरलेल्या असतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर पायऱ्यांबद्दल मेल करून विचारा. ११६ उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. एका दिवसात एकच तळघर पुरे, उरलेला वेळ कॅथेड्रलला द्या, फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक तिथे होत. दारावरचा हसरा देवदूत आईवडिलांना दाखवा. दशम्या-चटणी बरोबर ठेवा, आणि रँसची गुलाबी बिस्किटं घ्यायची असतील तर त्यात अंडं असतं हे वडिलांना आधी सांगा.

निघायच्या आधी त्यांना विचारा, लहानपणी पेव बघितलंय का. बघितलं असेल तर जिना उतरल्यावर गाइडच्या आधी त्यांना बोलू द्या.