नव्या मॅडमना, जूनमधल्या प्रशिक्षणाबद्दल

मॅडम, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे. तास भरतील हो. दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवर व्हिडिओ लावून पोळ्या लाटणाऱ्यांनाही प्रमाणपत्र मिळतं! तुम्ही मात्र आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला वर्गातली एक खरी अडचण घेऊन जा. समजा, तिसरीतलं पोर ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितंय, म्हणजे २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ उलटी वजाबाकी करतंय. ती वहीच सोबत न्या आणि शेजारच्या शाळेतल्या जुन्या बाईंना दाखवा. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या कशा करून घ्यायच्या, हे त्या चहाच्या सुट्टीतच सांगतील. पीपीटी काय, नंतर ग्रुपवर येतेच. शिवाय मुख्याध्यापकांना विचारून अधूनमधून सहकाऱ्याच्या तासाला मागे बसत जा.