बॉक्स बदलला की ओहमही बदलतात

अरे, सबवूफरवर, म्हणजे खोल बासच्या स्पीकरवर, ४ ओहम छापलंय म्हणून तो कायम ४च राहील असं धरून चालू नकोस. मल्टिमीटर साधारण साडेतीन दाखवेल, पण तो नुसता कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, डीसी रोध. गाणं सुरू झालं की फ्रिक्वेन्सीप्रमाणे इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा एकूण अडथळा, वरखाली होतो, आणि कुठे किती, हे बऱ्याच अंशी बॉक्स ठरवतो.

बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी कोनला रेटते. म्हणून रेझोनन्स, म्हणजे कोन आपसूक ज्या फ्रिक्वेन्सीला डोलतो ती, उघड्या स्पीकरपेक्षा वर सरकतो आणि तिथे इम्पीडन्सचं एकच उंच शिखर येतं. पोर्टेड बॉक्सला, म्हणजे हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेल्याला, शिखरं दोन, मधे दरी. खरी गोम या दरीतच आहे: पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलाय तिच्याजवळ इम्पीडन्स जवळपास कॉइलच्या रोधापर्यंत खाली येतो. २० व्होल्टला १६ ओहमवर २५ वॅट जातात, ४ ओहमवर १००. तेव्हा ‘बॉक्समध्ये ओहम वाढतातच’ म्हणत किमान २ ओहम झेपणाऱ्या अ‍ॅम्पला १ ओहमची जोडणी देऊ नकोस. चतुर्थीच्या आदल्या रात्री माझा अ‍ॅम्प असाच जळाला. तो करपट वास अजून नाकात आहे.

आणि आपला गोव्यातला पाऊस! साधा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) ओल पितो, कडा फुगतात, सांधे सुटतात. हवा गळू लागली की बंद बॉक्सचं शिखर बुटकं होतं. मरीन प्लाय घे, टर्मिनलभोवती सिलिकॉन भर. मग बंद बॉक्सचा कोन दोन्ही हातांनी हळूच दाबून सोड. सावकाश वर आला तर सील घट्ट आहे.