वाचकांचे प्रश्न : धातूचा अ‍ॅनोड टिकतो तो कशावर?

प्रश्न : मी वर्गात दरवर्षी सांगतो की अ‍ॅल्युमिनियमच्या सेलमधे (वीज सोडून धातू काढायच्या टाकीत) कार्बनचे अ‍ॅनोड (विजेची धन टोकं) जळत जातात म्हणून सारखे बदलावे लागतात. यंदा एका मुलीने विचारलं, मग धातूचाच अ‍ॅनोड का लावत नाहीत? मी म्हटलं, विरघळून जाईल. नंतर वाचनात आलं की कमी तापमानाला धातूचे ‘इनर्ट’, म्हणजे न झिजणारे, अ‍ॅनोड चालतात. तसं असेल तर कार्बनही वाचेल आणि वीजही, मग घोडं कुठे अडलंय?

उत्तर : आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, फार मुळातलं विचारलंय तिने. १८८६ मधे हॉल आणि हेरू यांनी आपापल्या देशात, एकमेकांचा पत्ता नसताना जी पद्धत काढली तीच आजही चालते, वितळलेल्या क्रायोलाइटमधे (सोडियम-अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडचा हा क्षार, त्याच्या द्रावालाच बाथ म्हणतात) ९६० अंशांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड म्हणजे अ‍ॅल्युमिना विरघळवायचा, वीज सोडायची, धातू खाली कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, साचतो आणि ऑक्सिजन अ‍ॅनोडवर येऊन कार्बन खातो. टनभर धातूमागे हिशोबाने ३३३ किलो कार्बन लागतो, प्रत्यक्षात ४०० किलोच्या आसपास जातो आणि नुसत्या अ‍ॅनोडमधूनच दीडेक टन कार्बन डायऑक्साइड निघतो. धातूचा अ‍ॅनोड टिकला तर तिथून फक्त ऑक्सिजन येईल, टनामागे ८९० किलोच्या घरात.

पण वीज आपोआप वाचेल हे मात्र डोक्यातून काढा. कार्बन जळताना कामाचा काही भाग स्वतःच उचलतो, म्हणून किमान १.२ व्होल्टच्या आसपास भागतं, कार्बन काढला की तेच २.२ होतं. एक व्होल्ट वाढला की किलोमागे साधारण ३ युनिट जास्त, आणि आत्ताच १३-१४ युनिट जातायत. ही भरपाई करायची तर अ‍ॅनोड-कॅथोड एकमेकांच्या अगदी जवळ उभे करावे लागतात, जे कार्बनला जमत नाही कारण तो झिजून आकार बदलतो, धातूच्या पट्टीला जमू शकतं.

आता खरी मेख. ‘इनर्ट’ या शब्दाने फार गैरसमज होतो. त्या उष्णतेत, ऑक्सिजनच्या माऱ्यात तांबं, निकेल, लोखंड यातलं काहीही गंजल्याशिवाय राहत नाही. टिकते ती त्याच्यावरची ऑक्साइडची खपली, आणि बाथ मुळात निवडलाय कशासाठी, तर ऑक्साइड विरघळवण्यासाठीच! म्हणजे जो द्राव ऑक्साइड खातो म्हणून आपल्याला हवा, त्याच्यातच एक ऑक्साइड जपायचाय. खपली आतून वाढत राहते, बाहेरून विरघळत राहते, दोन्हीचा मेळ बसला तरच अ‍ॅनोड जगतो. तापमान ७००-७५० अंशांवर आणलं (अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, त्याच्या खाली जाता येत नाही) की दोन्ही गोष्टी मंदावतात, म्हणून तर कमी तापमानाचा एवढा आग्रह.

तांबं-निकेल-लोखंडाचा वापरलेला अ‍ॅनोड आडवा कापून बघितला की हे डोळ्याला दिसतं. बाहेर काळपट खपली, तिच्याखाली छिद्राछिद्रांचा तांबूस थर, कारण लोखंड आधी ऑक्सिजनकडे पळालं आणि मागे पोकळ्या राहिल्या, त्याच्या आत मूळ धातू. त्या छिद्रांतून फ्लोराइड आत शिरलं की खपली खालूनच सुटायला लागते. म्हणून मला अ‍ॅल्युमिनियम ब्राँझची (तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) कल्पना जास्त आवडते. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन अ‍ॅल्युमिनाचाच पातळ थर करतं, तो विरघळला तरी बाथमधे नवीन घाण येत नाही, कारण आपण टाकतोय तोच पदार्थ आहे तो.

घोडं अडलंय ते अ‍ॅल्युमिना भरण्यात. बाथ अ‍ॅल्युमिनाने काठोकाठ भरलेला असेल तरच त्याला अ‍ॅनोडची खपली खायची भूक राहत नाही, आणि नेमकं कमी तापमानाला अ‍ॅल्युमिना लवकर विरघळत नाही, गोळे होऊन तळाला चिखल साचतो. सोडियमऐवजी पोटॅशियम फ्लोराइड घेतलं की विरघळणं बरंच सुधारतं, पण पोटॅशियम सेलच्या कार्बनच्या अस्तरात शिरून ते फुगवतं, आणि अ‍ॅल्युमिनाबरोबर थोडा थोडा सोडियम येतच राहतो, तो साचला की कॅथोडवर घट्ट साय धरते. एक सोडवावं तर दुसरं उभं राहतं असं आहे हे.

प्रश्न : २०१८ मधे अल्कोआ आणि रिओ टिंटोने मिळून याच कामासाठी एलिसिस ही कंपनी काढली. अशा अ‍ॅनोडमधून मिळणारं अ‍ॅल्युमिनियम तेवढंच शुद्ध असतं का?

उत्तर : झीज किती त्यावर. खपलीतून जे तांबं, निकेल, लोखंड सुटतं ते अ‍ॅल्युमिनियमच्या आधी कॅथोडवर बसतं, मग परत काढणं अवघड. म्हणून वर्षाला साधारण एक सेंटीमीटरपेक्षा कमी झीज ही मर्यादा धरतात.

प्रश्न : मग अ‍ॅनोड इफेक्टचं, म्हणजे अ‍ॅल्युमिना कमी पडला की सेल बिघडतो त्याचं, काय?

उत्तर : कार्बनच नाही म्हटल्यावर सीएफ-फोर हा कार्बन-फ्लोरिनचा हरितगृह वायू होणार नाही, हा फार मोठा फायदा आहे. पण अ‍ॅल्युमिना कमी पडला तर कार्बनच्या सेलमधे व्होल्टेज उडतं, अ‍ॅल्युमिना टाकला की सेल पूर्वपदावर येतो. धातूच्या अ‍ॅनोडवर त्याच वेळात फ्लोराइड थेट खपलीवर तुटून पडतं, आणि एकदा उखडलेली खपली पुन्हा तशीच धरेल याचा भरवसा नसतो.