अँटिबायोटिकनंतर मुलाच्या पोटाला काय द्यावे: कॅप्सूल, दही की पेज?

तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला घशासाठी अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्लाचे अँटिबायोटिक चालू आहे आणि त्याला पातळ शी होऊ लागली आहे. फार्मसीवाले प्रोबायोटिक (जिवंत, उपयोगी सूक्ष्मजीवांची कॅप्सूल) घ्या म्हणतात, सासूबाई पेज आणि दही द्या म्हणतात. पोटातले चांगले जिवाणू नेमके कशाने परत येतात, हा तुमचा प्रश्न. मी गोव्यात फोंड्याला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा. जिवाणूंचे मी सांगते.

आधी हे की ते सगळे मेलेले नाहीत. 2016 साली केलेल्या हिशेबानुसार सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी. (जिवाणू दहापट असतात हे जुने वाक्य अजून पाठ्यपुस्तकांत सापडते, ते सोडून द्या.) यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचलेला कोंडा, डाळीची साले, भाजीचे तंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच घेतात. शिवाय जागा आणि अन्न या जिवाणूंनी आधीच अडवलेले असते, म्हणून बाहेरून आलेल्या रोगजंतूला सहज पाय रोवता येत नाही.

घशासाठी दिलेले औषध आतड्यातही पोहोचते आणि घशातला जंतू कुठला, आतड्यातला कुठला हे त्याला कळत नाही. आंबवणारे जिवाणू कमी झाले की न पचलेली पिष्टे तशीच राहतात, पाणी धरून ठेवतात आणि शी पातळ होते. तुमच्या मुलाच्या औषधात तर हे बऱ्याचदा दिसते. म्हणून घाबरू नका, पण औषध मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना फोन करून आज किती वेळा शी झाली ते सांगा.

आता कॅप्सूल. फार्मसीवाल्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. 2019 मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने मुलांवरचे 33 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सहा हजारांवर मुले होती. अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकी शंभरात आठ जणांना जुलाब झाले, न घेतलेल्यांपैकी एकोणीस जणांना. फरक चांगला आहे. पण प्रोबायोटिक औषधाबरोबरच, जुलाब लागण्याआधी दिले तर हा उपयोग, आणि तोही ठरावीक जातींचा: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बुलार्डी. दुसरी जात जिवाणू नाहीच, यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिक तिला मारत नाही. पाकिटावर नुसते ‘प्रोबायोटिक’ लिहिलेले असेल आणि जातीचे पूर्ण नाव नसेल, तर माझ्या मते त्यावर पैसे घालू नका.

याच्या उलट बाजूही आहे. 2018 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी काही निरोगी प्रौढांना अँटिबायोटिकचा कोर्स दिला आणि नंतर एका गटाला अनेक जातींचे मिश्र प्रोबायोटिक दिले. ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती लवकर सावरली. प्रोबायोटिकवाल्यांत बाहेरून आलेल्या जिवाणूंनी ठाण मांडले आणि मूळच्यांना परतायला उशीर झाला. अभ्यास छोटा होता, आणि प्रौढांवरचा. तरी मी तो गंभीरपणे घेते. कोर्स संपल्यावर महिना महिना कॅप्सूल चालू ठेवायची जी पद्धत पडली आहे, तिला मला काही आधार दिसत नाही.

दह्याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी मुले घरचे दही आणतात. काचपट्टीवर दह्याचा पातळ थर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, मग जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी लाल रंग. सूक्ष्मदर्शकाखाली हजारपट मोठे करून पाहिले की जांभळ्या बारीक दाण्यांच्या माळा दिसतात आणि त्यांच्यामध्ये काड्या. एकीकडे काड्याच जास्त, दुसरीकडे नुसत्या माळा, आणि कुणाच्या घरच्या जुन्या विरजणात यीस्टच्या मोठ्या अंडाकृती पेशी, एखादीला अंकुर फुटलेला. गोवा डेअरीच्या पिशवीतले दूध सगळीकडे तेच असते, विरजण मात्र ज्याच्या त्याच्या घरचे. ती पट्टी पहिल्यांदा पाहताना मुलांचे चेहरे बघावेत! याच काड्यांच्या जोरावर दही आयुष्य वाढवते असे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह सांगत असत. 1908 चे नोबेल त्यांना मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. दह्याचा तो दावा काही सिद्ध झाला नाही.

दह्यातले जिवाणू आतड्यात पाहुणे म्हणून येतात, बिऱ्हाड करत नाहीत. त्यांतले बरेचसे वाटेतच मरतात. पण ते दुधातली साखर पचवायला मदत करतात, म्हणून नुसते दूध सोसत नसेल तरी दही सोसते. मुलाला ताजे दही किंवा पातळ ताक जरूर द्या, फक्त एक वाटी दही म्हणजे कॅप्सूलमधल्या त्या ठरावीक जाती असे समजू नका. सान्नांबद्दलही (आपल्या तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या) कुणी विचारेल म्हणून सांगते: सूर, म्हणजे माडी, घातलेले पीठ जिवंत असते खरे, पण वाफेवर त्यातले यीस्ट आणि जिवाणू मरून जातात. सान्नां खा ती चवीसाठी.

सासूबाईंची पेज मला या सगळ्यांत जास्त पटते. जुलाब चालू असताना उकड्या तांदळाची पेज पाणी देते, मीठ देते आणि पोटाला जड होत नाही. शिवाय शिजलेला भात थंड होतो तेव्हा त्यातला थोडा स्टार्च असा बदलतो की तो लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या जिवाणूंचे अन्न होतो. पण शिळा भात रात्रभर बाहेर ठेवून देऊ नका. आपल्या हवेत बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू त्यात भराभर वाढतो, आणि शिजवण्यातून वाचलेले त्याचे बीजाणू तर भातात आधीपासून असतातच. सकाळी केलेली पेज दहा-अकराला कोमट झाली की द्या, उरलेली फ्रीजमध्ये ठेवा.

पोट बरे झाल्यावर खरे काम. मूळ जिवाणू परत यायचे तर त्यांना खायला तऱ्हेतऱ्हेचे तंतू लागतात, कारण एक जात एक तंतू फोडते, दुसरी दुसरा. आपल्या खतखत्यात सुरण, कणगी, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, तूरडाळ असे सगळे एका पातेल्यात येते. बाजूला तांबडी भाजी, कधी अळसांद्यांची उसळ. मूल सगळे खाणार नाही, मला माहीत आहे. पण दोन-तीन फोडी आज, दुसऱ्या दोन-तीन परवा असे चालेल. आतड्यातली वस्ती बहुधा काही आठवड्यांत बरीचशी सावरते.

या विषयावरचे माझे सगळ्यात आवडते काम आपल्याच देशातले आहे. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर हा अभ्यास झाला. त्यांतल्या साधारण निम्म्यांना जन्मानंतर काही दिवसांतच लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याला लागणारी एक साखर सात दिवस दिली, बाकीच्यांना ती दिली नाही. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले: रक्तात जंतुसंसर्ग होणाऱ्या किंवा दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. बाळे अंगावर पिणारी होती, वजनाने बरी होती आणि जिवाणूची जात नीट पारखून घेतलेली होती. ही जात कुठली आणि ती कुणाला द्यायची, हे आधी ठरले म्हणून ते साधले. पाळण्यातल्या बाळाला, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, असे काही डॉक्टरांना न विचारता द्यायचे नाही, कारण अशा बाळांत प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूंनी रक्तात संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत.

तुमच्या मुलासाठी आज एवढे करा: प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस, मध्ये पेज, आणि डॉक्टरांना विचारून चालणार असेल तर औषध संपेपर्यंतच वर सांगितलेल्या दोनपैकी एक प्रोबायोटिक. जिवाणूचे दिले तर अँटिबायोटिकच्या मात्रेपासून दोन तास लांब. शीमध्ये रक्त दिसले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, ताप चढला किंवा मूल मलूल पडले तर वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात न्या. आणि पुढच्या वेळी घसा दुखला की हे जिवाणूमुळे आहे की विषाणूमुळे, असे डॉक्टरांना आधी विचारा. मुलांचे बरेचसे घसे विषाणूंनी धरलेले असतात आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही.