आधी पालथी घालून बघ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री वाचलं, आज सकाळी पुन्हा वाचलं. आठ महिने खपून तुकडे जोडून केलेला क्विल्टचा, म्हणजे गोधडीचा, टॉप (वरचा थर) तू लाँगआर्मवर, फ्रेमवर ताणून तिन्ही थर एकत्र शिवणाऱ्या मोठ्या मशीनवर, शिवायला दिलास, पैसे मोजलेस, महिनाभर वाट पाहिलीस, आणि घरी आणून घडी उलगडली तेव्हा काळजात धस्स झालं. शेवटी तू लिहिलं आहेस, "एवढ्याशा गोष्टीचं काय वाईट वाटून घ्यायचं!" ते तेवढं मला पटलं नाही. त्यात तुझ्या आठ महिन्यांच्या संध्याकाळी आहेत. रडू आलं तर रड. फक्त रडताना हातात कात्री नको.

कात्रीचं आधी सांगते, कारण ते घाईचं आहे. कडेचं जास्तीचं अस्तर आणि बॅटिंग (मधला भरावाचा थर) कापू नकोस, बाइंडिंग, म्हणजे कडेचा गोट, लावू नकोस आणि क्विल्ट धुऊ नकोस. काही भाग पुन्हा शिवायची वेळ आली तर क्विल्ट परत फ्रेमवर चढवावी लागेल, आणि रोलरच्या पट्टीला टाचायला ते जादा कापडच लागतं. अस्तर चारही बाजूंनी 4 इंच मोठं मागतात त्याचं एक कारण हेच. एकदा कापलंस की तो रस्ता जवळजवळ बंद होतो. धुण्याचंही तसंच. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं, सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात आणि बरेच दोष त्यात बुडून जातात. त्याचा पुढे उपयोग होईल. आत्ता मात्र दोष आहे तसा शिवणाऱ्या बाईंना दिसायला हवा.

आता क्विल्ट पलंगावर पालथी घाल. तू तीन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेस: तुकड्यांच्या ताऱ्यांवरून गेलेली टिपेची मोठाली पानं, मागच्या बाजूचे दोऱ्याचे फास आणि काठाच्या कोपऱ्यातली चुणी. तुझ्या मनात त्या तिन्हींची मिळून 'माझी क्विल्ट बिघडवली' अशी एकच गाठ झाली आहे. माझ्या मते त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची जबाबदारी वेगवेगळ्या माणसांवर जाते. गाठ सोडवल्याशिवाय त्या बाईंशी बोलायला गेलीस तर बोलणं लगेच भांडणावर जाईल.

मागच्या फासांपासून सुरू कर. पानांच्या वळणावर दोरा पापण्यांच्या केसांसारखा उभा राहिला आहे ना? आमच्या कामात त्याला आयलॅशेसच म्हणतात. वळणावर मशीन वेगात फिरतं, सुई किंचित वाकते आणि वरच्या दोऱ्याला ताण कमी असेल तर खालचा दोरा त्याला मागे ओढून घेतो. टाक्याची गाठ तिन्ही थरांच्या मध्ये बसायची, ती अस्तरावर येऊन बसते. अशा जागी खालच्या दोऱ्याला नख लावून बघ. तो सरळ तारेसारखा ओढला गेला तर टाका बसलेलाच नाही असं समज. अशी शिवण वापरात अडकून तुटते. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हा कामातला दोष आहे. दर वेळी बॉबिन बदलल्यावर, दर वेळी क्विल्ट पुढे सरकवल्यावर खाली हात घालून अस्तर तपासणं हे शिवणाऱ्याचं काम आहे. यासाठी तू नि:संकोच बोल. तुझा तो हक्क आहे.

पानांचं मात्र तसं नाही. पत्राबरोबर तू कामाच्या पावतीचा फोटो पाठवलास. त्यावर नक्षीच्या रकान्यात तुझ्याच अक्षरात लिहिलं आहे, 'तुम्हाला योग्य वाटेल ते.' तुला वाटलं, इतके टोकदार तारे बघितल्यावर कुणालाही कळेल की त्यांची टोकं झाकायची नाहीत. पण ते काम कसं होतं ते डोळ्यांपुढे आण. काठापासून काठापर्यंतची नक्षी शिवताना बाई बहुतेक वेळा मशीनच्या मागच्या बाजूला उभ्या असतात. समोरच्या फळीवर नक्षीचा लांब कागद पसरलेला असतो, त्यावर मशीनच्या लेझरचा लाल ठिपका पडतो आणि तो ठिपका रेषेवरून सुटू नये म्हणून नजर सारखी त्यावर असते. कॉम्प्युटरवर चालणारं मशीन असेल तर नक्षी आधीच आखून दिलेली असते. दोन्ही वेळा मशीन ठरलेल्या वाटेने जातं, खाली तारा आहे की कोरं कापड हे त्याला कळत नाही. शिवाय क्विल्ट रोलरवर गुंडाळलेली असते, एका वेळी दीड-दोन फुटांचा पट्टाच उघडा दिसतो. तू ती क्विल्ट आठ महिने पूर्ण पसरून पाहत होतीस. बाईंना ती पूर्ण उघडी दिसते ती फ्रेमवरून उतरवल्यावरच. तुझ्या डोक्यातलं चित्र त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. त्यांनी फोन करून विचारायला हवं होतं का? चांगली बाई विचारते. पण न विचारणं आणि वाईट शिवणं यांत फरक आहे.

कोपऱ्याच्या चुणीबद्दल जे लिहिते आहे ते तुला कदाचित लागेल. टेप घे. काठाची लांबी मोज, मग क्विल्टच्या बरोबर मध्यातून त्याच दिशेने मोज. काठ जास्त भरला तर झोळ टॉपमध्येच होता. लांबच लांब पट्टी कडेला लावत जायची आणि उरेल ती कापायची, असं केलं की काठ नेहमी थोडा जास्त बसतो. म्हणून मधलं माप घेऊन पट्टी आधी कापायची आणि मग टाचून जोडायची. फ्रेमवर तो जादा कापडाचा झोळ कुठे तरी दाबावाच लागतो, तो कोपऱ्यात दाबला गेला. इथेही बाईंनी शिवण्याआधी तुला कळवायला हवं होतं, एवढा दोष त्यांच्याकडे जातो. बाकीचा तुझ्याकडे.

मी हे इतक्या खात्रीने लिहिते आहे कारण मी दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे. मशीन घेण्याच्या कितीतरी आधी माझी एक क्विल्ट मी बाहेर शिवायला दिली होती. परत आली तेव्हा नक्षी इतकी दाट की क्विल्ट पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती, अंगाला लपेटेचना. मी हसून "छान झालं" म्हणाले, पैसे दिले आणि ती कपाटात वरच्या फळीवर टाकली. त्या बाईंना कधीच कळलं नाही. त्यांनी त्यानंतर आणखी किती जणींच्या क्विल्टा तशाच दाट शिवल्या असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पुढे माझ्याकडे एक बाई आल्या, क्विल्ट नेल्याच्या तिसऱ्या दिवशी. आवाज चढवला नाही. टेबलावर क्विल्ट पालथी पसरली, जिथे जिथे दोरा सैल होता तिथे रंगीत सेफ्टी पिना लावून आणल्या होत्या. म्हणाल्या, "एवढी दीड ओळ मला खटकते, बाकीची फार आवडली. याचं काय करता येईल?" माझा चेहरा उतरला, पण हात लगेच उसवणीकडे गेला. मागून दर तिसरा-चौथा टाका कापायचा, मग क्विल्ट उलटून वरचा दोरा हळूच ओढायचा, तो लांबच लांब निघून येतो. मागे उरलेले तुकडे चिकटपट्टीने टिपायचे. सुईची भोकं दिसत राहतात, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारून नखाने कापड उभं-आडवं घासायचं म्हणजे धागे जवळ येतात. जी ओळ शिवायला मला वीस मिनिटं लागली होती ती उसवण्यात अख्खी दुपार गेली. पुन्हा शिवून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या मशीनवर प्रत्येक क्विल्टच्या कडेच्या जादा कापडावर आधी वळणं शिवून ताण तपासला जातो. त्या बाईंनी बोलण्याचे कष्ट घेतले नसते तर मी ते शिकले नसते.

तेव्हा तूही तसंच कर, आणि या आठवड्यातच कर. दोन महिन्यांनी गेलीस तर दोष वापरामुळे झाला की आधीपासून होता, याचाच वाद होईल. पूर्ण क्विल्टचा एक फोटो आणि फासांचे जवळून दोन-तीन फोटो काढ. खिडकीतला उजेड बाजूने येऊ दे, शेजारी पट्टी ठेव. मग लिही: "मागच्या बाजूला या जागी टाके सैल आहेत, नखाने दोरा सुटतो. मी अजून कडा कापलेल्या नाहीत. हे कसं दुरुस्त करता येईल?" एवढंच. पैसे परत मागायला सुरुवातीलाच जाऊ नकोस, आधी त्यांना दुरुस्तीची संधी दे. उसवून नीट शिवून देणं किंवा तेवढ्या भागाचे पैसे कमी करणं, दोन्ही रास्त आहे. पानांबद्दल त्याच पत्रात लिहू नकोस. ते मागाहून प्रत्यक्ष भेटीत सांग, मागणी म्हणून नव्हे, पुढच्या वेळेसाठी म्हणून. आणि त्यांच्याशी बोलण्याआधी चारचौघांत फोटो दाखवून नाव घेऊ नकोस. ज्या बाईंना अजून काही कळलेलंच नाही त्यांना जाहीर फटका बसणं मला अन्याय वाटतो.

त्यांनी हात झटकले तर? तसंही होतं. मग तिथे पुन्हा काम द्यायचं नाही आणि त्यापुढे शक्ती घालवायची नाही. पण अख्खी क्विल्ट उसवायला बसू नकोस. फास असलेल्या जागाच उसव आणि घरच्या मशीनवर किंवा हाताने भर. मग ताऱ्यांकडे वळ. प्रत्येक ताऱ्याच्या कडेने, शिवणीपासून अगदी थोडं आत, जाड दोऱ्याने हाताचे धावते टाके घाल. गडद निळ्यावर पिवळसर दोरा घे. पानं मागे जातील आणि टोकं वर येतील. मी दोन क्विल्टा अशा सावरल्या आहेत, आणि त्यांतली एक आता मला आधी ठरवली होती त्याहून जास्त आवडते. तारे किती आहेत ते मोज, रोज एक धर. बाइंडिंग आणि धुणं त्यानंतर.

पुढच्या खेपेला रकाना कोरा सोडायचा नाही, हे तुला आता वेगळं सांगायला नको. दोऱ्याचं रीळ टॉपवर ठेवून रंग ठरवायचा, नक्षी किती इंचांची होणार ते कागदावर खऱ्या मापात मागायचं आणि तुझ्या ताऱ्यांसारखं काही असेल तर 'यावरून टीप नको' असं स्पष्ट लिहायचं. त्याने काम वाढतं, वेळ आणि पैसे जास्त लागतात, ते आधी विचारून घ्यायचं.

फोटो काढलेस की मलाही पाठव. काठाचं आणि मधलं अशी दोन्ही मापं लिही, आणि तिसऱ्या ओळीतल्या त्या मोठ्या वळणावर नख लावल्यावर दोरा किती सुटतो तेही कळव. बाईंना पाठवायचा मजकूर आधी मला दाखवावासा वाटला तर रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल, मी जागीच असते.

तुझी
मावशी